आण्णांची विझवलेली बिडी

वळसंगला एसटीत चढलो तेव्हा आण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवली, खिडकीशी आले आणि तोंडातली बिडी न काढताच म्हणाले, "नीट ऱ्हा. पोरांच्या नादी लागू नगंस." सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. शिवा, तू माझा भाऊ, पण गावातच राहिलास, म्हणून पुढचं तुला सांगतो.

सोलापुरात होस्टेलवर बघतो तर जवळपास सगळेच ओढणारे. शेतकऱ्यांची पोरं, विणकरांची पोरं, पहिले येणारे, नापास होणारे. लेक्चर सुटलं की कँटीनमध्ये धूर. एक प्राध्यापक तर पोरांकडूनच काडीपेटी मागायचे. म्हणजे ही वाईट सवय, की शिकल्याची खूण? मला कळेना. दिवाळीच्या आत मीही खोकत खोकत ओढू लागलो. हातात सिगारेट असली की आपण खेड्यातले वाटत नसू.

एका दुपारी आण्णा भाकऱ्या घेऊन न सांगता आले. मी सिगारेट खिडकीबाहेर टाकली, पण धूर खोलीतच राहिला. आण्णा कॉटवर टेकले. माझा रूममेट व्यंकटेश, साधा मुलगा, त्यानं आदरानं पाकीट पुढं केलं. "घ्या की काका."

"नगं. आमाला बिडीच बरी," आण्णा म्हणाले. पण बिडीही त्यांनी काढली नाही.

स्टँडवर सोडताना मी म्हणालो, "रोज नाही ओढत, आण्णा."

"मी इचारलं का?" आवाजात राग नव्हता.

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा ते ओट्यावर बिडी ओढत होते. मला पाहताच उठले, बिडी पायाखाली विझवली, सरकून जागा दिली. तलाठी आला की असंच करायचे. त्यानंतर मरेपर्यंत माझ्यासमोर त्यांनी कधी बिडी ओढली नाही. तुझ्यासमोर ओढायचे.

ते गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, "शिकल्याल्या मानसाम्होरं कसं वडायचं, म्हनायचे." तू म्हणालास, "न्हाय, राग हुता त्यांचा." खरं काय, मला अजून उमगलेलं नाही. पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, सिगारेट कधीच सुटली. गाव सोडलेल्या किती जणांना घरच्यांनी असं पाहुणं करून टाकलं असेल, आणि ते मानानं की दुःखानं, कोण जाणे.

तरी घर म्हटलं की त्या ओट्याशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढं येत नाही. तिकडं आलो की ओट्यापाशी थोडा वेळ उभाच राहतो. तुझी सून "बसा की" म्हणते, तेव्हा कुठं बसतो.