काँक्रीट नव्हतं ते

देवणीकर सरांचे दगड कॉलेजने रस्त्याच्या खड्ड्यात टाकले.

सरांना जाऊन आज वर्ष झालं. फोटो लावायचा म्हणून काल भूशास्त्राची लॅब उघडायला लावली, तर आत नुसत्या भिंती.

मी सातवी पास. नोकरीभर त्या लॅबचा शिपाई. दगडातलं जे कळलं ते सरांमुळे.

खोल समुद्राचं थंड पाणी वर येतं, तिथं बारीक जीव माजतात. मरतात, तळाच्या गाळात कुजतात. त्यांच्यातलं फॉस्फरस सुटतं आणि गाळातच गोळा होऊन दगड बनतो. लाखो वर्षांनी.

"मारोतराव, तुमच्या हळदीला टाकता त्या सुपर फॉस्फेट खताची ही माय आहे," सर म्हणायचे.

राजस्थानच्या खाणीतून ते गोटे त्यांनी मांडीवर घेऊन आणले होते.

क्लार्कला जाब विचारला. माझं बीपी आधीच वाढलेलं. तो थंडपणे म्हणाला, "मामा, खोक्यावर तुमीच तर लिवलं."

त्यानं खोक्याची फळी दाखवली. माझंच अक्षर.

काँक्रीट.

सरांनी सांगितलं होतं 'काँक्रिशन'. गाळात गोळा झालेला गोटा. मी ऐकलं तसं लिहिलं. सर हसले, पण मला वाईट वाटेल म्हणून खोडलं नाही.

माझं चुकलं. पण वाचणाऱ्याला डोळे नव्हते का? गोटा आणि सिमेंट यातला फरक कळत नाही, आणि कॉलेज चालवता?

फाटकाजवळच्या खड्ड्यावर गेलो. आज सकाळी रोलर फिरणार होता. मातीनं सगळे दगड एका रंगाचे. मग संडासचं ॲसिड पाण्यात घालून एकेका दगडावर थेंब टाकत बसलो. खड्ड्यातली बाकी खडी आपल्याकडच्या चुनखडीची, ती फसफसते. सरांचा गोटा जवळजवळ गप्प राहतो.

पोरं हसली. "काहून मामा, दगडाला औषध पाजून राहिले का?"

व्हय, म्हटलं. पाजून राहिलो. तुमच्या कॉलेजात दुसरं कोणी शहाणं उरलं न्हाई.

दिवस मावळेपर्यंत चार सापडले. मुळात खोकं भरून होते.

आज लवकर गेलो, तर रोलर फिरून गेलेला.

सर, चार माझ्या घरी आहेत. त्यांच्यावरची नावाची चिठ्ठी नातीकडून लिहून घेतली, मी हात लावला नाही. बाकीचे माझ्या अक्षरानं घालवले. कॉलेजवरचा राग मी बघून घेतो, तुम्ही माझ्यावर रागवा.

वाकून नमस्कार, सर.