वायच्या बटणावरचं कुंकू

शेवगावात लिनक्स आणणारा मी पहिला माणूस, असं मी त्या काळी स्वतःच सांगत फिरायचो. खोडून काढायला दुसरं कोणी नव्हतं, हा त्यातला मोठा फायदा. नव्वदचं दशक संपायला एक-दोन वर्षं उरली होती. डिप्लोमा करून मी घरी परतलो होतो, एका गाळ्यात तीन कॉम्प्युटर मांडून क्लास चालवत होतो आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स शिकत होतो. विचारायला कोणी नाही. अडलं की जाडजूड पुस्तक उघडायचं, तरी अडलं की मशीन बंद करून चहाला जायचं.

गावाबाहेर एक जिनिंग मिल होती. तिथं कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचे. हंगामात आवारात कापसाच्या घराएवढ्या गंजी लागायच्या, आणि मिलच्या शेठना एकाच गोष्टीची धास्ती होती. ती म्हणजे विडी. माल घेऊन आलेला कोणी तरी टेम्पोवाला गंजीच्या आडोशाला विडी शिलगावणार आणि सगळ्याची राख होणार, हे त्यांना जागेपणीही दिसायचं. त्यात मुंबईला एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात ते कॅमेरे बघून आले. तिथं माणूसच नाही, नुसता टीव्ही राखण करतो, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. पण कॅमेरेवाल्या कंपनीचा भाव ऐकून ते गारही पडले होते. मी तेव्हा त्यांच्या ऑफिसात प्रिंटर खोलून बसलो होतो.

"लिनक्सवर करतो की," मी बोलून गेलो. "सॉफ्टवेअर फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ते कुठून तरी उचलून आणलंय. पण तयार झाले. वर म्हणाले, "हे नीट बसलं की दसऱ्यापासून वॉचमनला मोकळं करू. कॅमेरा असल्यावर माणूस कशाला?" मी मान डोलावली. वॉचमनला तोवर मी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, कारण माझी शिडी त्यांनीच धरली होती. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पाथर्डीकडच्या डोंगरातले. बारा-तेरा वर्षं बायकोबरोबर ऊस तोडायला जायचे, कधी बेलापूरकडं, कधी पुणतांब्याकडं, मुकादम नेईल तिकडं. मग ही वॉचमनकी मिळाली आणि बिऱ्हाड पहिल्यांदा बारा महिने एका जागी राहिलं. त्यामुळं मुलगी सलग शाळेत गेली, आणि यंदा दहावीला होती.

"दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो सर," शिडी धरून ते खालून म्हणाले. "औंदा इचारून गेलाय. शेठ काय म्हनत्यात त्यावर हाय समदं. आमी दोगं गेलो तर पोरीला घरी ठिवायचं कुनापाशी? न्हेली तर मार्चातली परीक्षा बुडाली."

मी वर स्क्रू पिळत होतो. हातातला कॅमेरा याच माणसाची जागा घेणार आहे, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना अर्धवट. मला लाज वाटली. पण मशीन चालू करून दाखवायची हौस त्याहून मोठी होती, हेही खरं सांगायला हवं.

इन्स्टॉल करायला चार दिवस गेले. कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरात घेणारं कार्ड पुण्याहून आणलं. ते लिनक्सला ओळखायला लावायचं म्हणजे त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, पुन्हा बांधायला हवा. हे काम लावून दिलं की स्क्रीनवरून अक्षरं धावत राहायची, दोन दोन तास. मामा दारात उभे राहून ती धावती अक्षरं बघायचे आणि विचारायचे, "कुठवर आलं?" मलाही माहीत नसायचं. मी "निम्मं" म्हणायचो. पहिल्यांदा चित्र आलं तेव्हा पडद्यावर फक्त मामांच्या मिशा दिसल्या, कारण कॅमेरा चालू आहे का हे ते अगदी जवळून तपासत होते.

मग दर पाच सेकंदांना एक फोटो साठू लागला. शेठनी एका टेम्पोवाल्याला विडी पेटवताना पकडलं आणि माझी पाठ थोपटली. मी दोन तास हवेत होतो. तिसऱ्या तासाला लाइट गेली.

आमच्याकडं लाइट जाणं म्हणजे दिवस उजाडण्याइतकं नेमाचं. पण त्या काळातल्या लिनक्सला अचानक वीज गेलेली सहन व्हायची नाही. परत चालू होताना ते आधी सगळी डिस्क तपासायचं आणि प्रत्येक चुकीपाशी थांबून इंग्रजीत विचारायचं: इथं गडबड दिसते, नीट करू का? हो म्हणायला वाय अक्षराचं बटण दाबायचं. मग पुढची गडबड. पुन्हा तोच प्रश्न. कधी दहा, कधी चाळीस. उत्तर मिळेपर्यंत ते ढिम्म हलायचं नाही आणि तोवर कॅमेरा आंधळा.

शेठनी कपाळाला हात लावला. "म्हणजे राखणीच्या यंत्रापुढं राखणीला माणूस बसवायचा?"

"नवं व्हर्जन येतंय," मी ठोकून दिलं. "त्यात सगळं आपोआप. तोवर मामा बसतील."

मामांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. मी बटण दाखवलं. पण कळफलकावर एवढी भाऊगर्दी, उद्या सापडायचं कसं? ते उठून आपल्या केबिनमध्ये गेले, मारुतीच्या फोटोपुढचं कुंकू तेलात कालवून आणलं आणि त्या एका बटणावर ठसठशीत टिळा लावला. कॉम्प्युटरला कोणी बोट लावलं तरी माझं डोकं फिरायचं. पण त्या टिळ्यापुढं मला रागावता आलं नाही.

तेव्हापासून लाइट आली की मामा हात धुवायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि खुर्चीच्या काठावर बसायचे. प्रश्न आला की टिळ्यावर बोट. पुढचा आला की पुन्हा. मी गेलो की हिशेब तयार असायचा. "सर, आज एकोनीस इचारले. समद्याला हो म्हनलो." जणू त्यांच्या एका होकारावर मिल उभी होती. तसं पाहिलं तर उभी होतीच.

नवं व्हर्जन खरंच आलं. नगरच्या सायबर कॅफेत बसून मी ते तीन फ्लॉपींवर उतरवलं. घरी आल्यावर तिसरी फ्लॉपी उघडेना, म्हणून पुन्हा नगर. फ्लॉपींमध्ये तिसरीच का रुसते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नव्या व्हर्जनला कर्नलही नवा हवा होता, म्हणून पुन्हा ती धावती अक्षरं, पुन्हा "कुठवर आलं?" आणि पुन्हा "निम्मं". पण वाट बघण्यासारखंच होतं ते. आता फोटो सतत साठणार नव्हते. चौकटीत काही हललं तरच साठणार आणि वर भोंगा वाजणार. हे काम मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरं केलं.

कर्नल बांधून होईपर्यंतच्या दोन तासांत करायला काही नव्हतं म्हणून मी पुस्तक चाळत बसलो आणि एका पानावर गार पडलो. डिस्क तपासण्याची जी आज्ञा मी स्वतः लिहून ठेवली होती, तिच्यापुढं एक अक्षर जोडलं की यंत्र आपल्या सगळ्या प्रश्नांना आपणच हो म्हणतं. एकच अक्षर, तेही वायच. हे पुस्तकात पहिल्या दिवसापासून होतं. मीच वाचलं नव्हतं.

मी ते जोडलं. खुमखुमीच तशी होती. मग मामांना हाक मारली आणि चाचणी म्हणून मशीनचा प्लग खेचायला सांगितलं. त्यांनी घाबरत खेचला, परत लावला, हात धुतले, चपला काढल्या आणि बोट टिळ्यावर धरून बसले.

स्क्रीनवर प्रश्न धडाधड आले आणि आपापली उत्तरं घेऊन निघून गेले. मिनिटाभरात आवार पडद्यावर हजर. मामांचं बोट तसंच हवेत.

"आज इचारलंच न्हाई त्यानं," ते म्हणाले.

इतकंच म्हणाले. मग चपला घालून फाटकाकडं गेले. माझं नवं व्हर्जन उत्तम चाललं होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी पाच मिनिटं त्या टिळ्याकडं बघत बसलो. मग ती ओळ उघडली आणि ते एक अक्षर पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची. मिलमधल्या मंडळींनी सरकी काढायची यंत्रं, म्हणजे जिनं पुजली, गाठी बांधायचा प्रेस पुजला, वजनकाटा पुजला, शेठची जीप पुजली. कॅमेरा आपल्याच राखणीतला, त्याला कसं वगळायचं? मामा शिडी लावून चढले, कॅमेऱ्याच्या काचेला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि झेंडूचा घसघशीत हार घातला. शेठ कुटुंबासह हजर, हमाल जमलेले, पेढे वाटायला काढलेले. तेवढ्यात वारा सुटला.

हार हलला. भोंगा वाजला.

शेठ दचकले. हमाल गंजीकडं धावले, कोणी पाण्याची बादली घेतली, कोणी वाळूची. काही नव्हतं. भोंगा थांबला. हार पुन्हा हलला, भोंगा पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कारण लक्षात आलं. पण पूजेचा हार पूजेच्याच दिवशी उतरवायला कोणी तयार होईना. शेठनी वैतागून मेन स्विच पाडला. शांतता पसरली. हार जरा बाजूला सरकवून स्विच परत वर केला, आणि सगळ्यांदेखत कॉम्प्युटर उठला व डिस्क तपासता तपासता थबकला. इथं गडबड दिसते, नीट करू का?

मामा पुढं झाले. हात धुतले, चपला काढल्या, टिळ्यावर बोट ठेवलं. आख्खी मिल श्वास रोखून बघत होती. सव्विसावा होकार दिल्यावर आवार पडद्यावर आलं, मधोमध कुंकवाचा एक काळा डाग घेऊन. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

शेठनी मात्र मला बाजूला घेतलं. "नव्या व्हर्जनमध्ये हे आपोआप होणार होतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "काल झालं हुतं शेठ. काल त्यानं इचारलंच न्हाई."

असा सरळ माणूस मी पाहिलेला नाही. आपल्या पायावर धोंडा पडतोय हे त्यांना कळत होतं. तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतही होतं. पण शेठ विचारतायत आणि खरं हे आहे, मग सांगायला नको?

"काल चाचणी होती," मी म्हणालो. आवाज माझाच, पण मला ओळखू येईना. "तात्पुरतं तसं ठेवलं होतं. रोज तसं ठेवलं तर डिस्क जाईल. कुठल्या प्रश्नाला हो म्हणायचं, हे माणसानं समोर बसून बघावंच लागतं."

सगळ्यालाच हो म्हणायचं असतं, हे शेठना माहीत नव्हतं. त्यांनी एकदा यंत्राकडं पाहिलं, एकदा हाराकडं, एकदा मामांकडं. "मग राहू द्या मामांना," ते म्हणाले. "नाही तरी भोंगा वाजला की बघायला कोणी हवंच." आणि पेढे वाटायला वळले. त्या वर्षी मुकादमाचा ट्रक मामांना न घेता गेला.

पुढच्या जूनमध्ये मामा क्लासवर पेढे घेऊन आले. मुलगी पास झाली होती आणि तिला कॉम्प्युटर शिकायचा होता. शिकण्यात ती माझ्यापेक्षा बरी निघाली, कारण ती पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची. दोन महिन्यांनी एका दुपारी ती तेच जाडजूड पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली. पानावर बोट होतं.

"सर, या आज्ञेपुढं हे अक्षर लावलं की मशीन विचारतच नाही ना? आपलं आपणच हो म्हणतं?"

"हो," मी म्हणालो.

काय समजायचं ते ती समजली. मग तिनं पुस्तक मिटलं.

"बाबा घरी आले की रोज सांगतात, आज किती प्रश्न विचारले ते," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका, सर."