बोंडांचा रस
पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास आला की लग्नानंतरचा पहिला चैत्र आठवतो. बोंडं तुडवून रस काढायचं काम थोरल्या दिरांचं. ते आदल्या पावसाळ्यात तापानं गेले होते. एका दुपारी परसातल्या दगडी कुंडीतून तुडवल्याचा पचपच आवाज आला. मालक असतील म्हणून मी हाक मारली, "बस करा, जेवायला या." आवाज थांबला, आणि मालक तर टोपली घेऊन पुढून आत आले. परसात कुणीच नव्हतं. बोंडं मात्र सगळी तुडवलेली, रस मडक्यात ठिबकत होता. "ह्यो रस ओतून टाका," मालक म्हणाले. थोरल्या जाऊबाईंनी मडकं उचललं. "का म्हून? त्येंनीच काढलाय न्हवं?" म्हणत त्या घटाघटा प्यायल्या. आता मालकही गेले; या दिवसांत मी दुपारभर मागलं दार उघडंच ठेवते.