झगा गेला दवाखान्यात

लाँड्रीवाल्या मावशींच्या दुकानासमोर पाण्याच्या नळासाठी खड्डा खणला गेला, तेव्हा सगळ्या गल्लीनं पालिकेच्या नावानं बोटं मोडली. मावशींनी मात्र दाराशी एक बादली पाणी, साबणाची वडी आणि एक स्टूल आणून ठेवलं. "पडणारे पडणारच," त्या म्हणाल्या. "निदान धुऊन तरी जातील."

आणि लोक पडलेच. दूधवाला पडला, शाळेतल्या बाई पडल्या, खड्ड्याची पाहणी करायला आलेले साहेबही पडले. मावशी प्रत्येकाला हाताला धरून आत आणायच्या, पाय धुवायला लावायच्या, चहा पाजायच्या आणि घरादाराची चौकशी केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पाहणीवाल्या साहेबांनी तर जाताना खड्डा लवकर बुजवतो असं वचन दिलं. तो काही बुजला नाही, पण साहेब पुढे मुद्दाम चहाला येऊ लागले.

हे खड्ड्यामुळे सुरू झालं असं कुणी समजू नये. रस्ता चुकलेले, गाडी हुकलेले, भांडून घराबाहेर पडलेले असे सगळे लोक मावशींना बरोबर सापडायचे. "दारात आलेला माणूस प्रभूनं पाठवलेला असतो," असं त्या म्हणायच्या.

"मग प्रभूला सांग, अधूनमधून गिऱ्हाईकही पाठव म्हणावं," काका आतून म्हणायचे.

काका म्हणजे मावशींचे यजमान. अंगानं हँगरसारखे आणि बोलायला तापलेल्या इस्त्रीसारखे. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं, आणि वडिलांनी घालून दिलेला एकच नियम होता: गिऱ्हाइकाचा कपडा गिऱ्हाइकाच्याच अंगावर चढला पाहिजे. साधा रुमालसुद्धा कुणाला उसना द्यायचा नाही. धुवायला दिलेला आपला शर्ट लोकांना एकदा दुसऱ्याच्या अंगावर दिसला की दुकानाला कुलूप लागलंच म्हणून समजा. इतकी वर्षं नवराबायकोनं हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला होता.

याच विश्वासावर चर्चचे कपडे सासऱ्यांच्या काळापासून त्यांच्याकडे यायचे. त्यातला पाळकसाहेबांचा पांढरा झगा म्हणजे मावशींचा जीव की प्राण. त्याला त्या काकांनाही हात लावू द्यायच्या नाहीत. बेताची खळ द्यायच्या, बाह्यांना हलक्या हातानं इस्त्री फिरवायच्या आणि एकीकडे भजन गुणगुणायच्या. झगा शिवला होता आधीच्या पाळकांच्या मापानं, आणि ते होते चांगले उंचपुरे आणि आडवे. नवे पाळकसाहेब तरुण आणि किडकिडीत. त्या झग्यात ते उपदेश करायला उभे राहिले की आधी झगा दिसायचा आणि मग पाळकसाहेब.

त्या शनिवारी झगा इस्त्री होऊन खुंटीवर लटकत होता. रविवारच्या उपासनेला खुद्द बिशपसाहेब येणार होते. दुपारी दुकान आवरताना बाहेर धप्पकन आवाज झाला.

"तुझा पाहुणा आला," काका मान वर न करता म्हणाले.

खड्ड्यातून जो वर आला तो माणूस होता की चिखलाचा डोंगर, हे आधी कळेचना. दोन बादल्या पाणी ओतल्यावर आतून एक धिप्पाड जवान गडी निघाला आणि तो चक्क रडत होता.

"कुठं लागलं का रे बाळा?" मावशींनी विचारलं.

"लागलं नाही हो," तो म्हणाला. "बायको दवाखान्यात आहे. आत्ताच निरोप आला, मुलगी झाली. आमचं पहिलंच. टायरच्या दुकानातून तसाच पळत सुटलो. आता या अवतारात मला आत कोण सोडणार? तिथल्या सिस्टर चपलेला माती दिसली तरी बाहेर काढतात. आणि भेटायची वेळ संपत आली."

मावशी लगबगीनं आत गेल्या. त्यांनी काकांचा शर्ट आणला. तो टायरवाल्याच्या कोपरापर्यंत चढला आणि तिथंच अडला. काकांची पँट दाखवायचीसुद्धा सोय नव्हती. शनिवारची सगळी गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेलेली. दुकानात उरले होते चार पडदे, एका छोकरीचा झालरीचा फ्रॉक आणि खुंटीवरचा झगा.

मावशींची नजर खुंटीकडे गेली. काकांची नजर मावशींकडे गेली.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"बाबांचा नियम आहे. आणि उद्या बिशप येतायत. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"बाबांच्या नियमात गिऱ्हाईक म्हटलंय ना? झगा पाळकसाहेबांचा नाही, देवाघरचा आहे. ते गिऱ्हाईक मला रागावणार नाही."

काकांनी तोंड उघडायच्या आत मावशींनी झगा खुंटीवरून काढलासुद्धा. टायरवाल्यानं झगा अंगात घातला आणि तो त्याला असा बसला की जणू त्याच्याच मापानं बेतला होता. "संध्याकाळच्या आत आणून देतो, मावशी, आईशप्पथ," म्हणत तो धावत सुटला. वळणावर दोघा म्हाताऱ्यांनी त्याला अदबीनं वाट करून दिली, तेव्हा मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आयुष्य कपडे हाताळण्यात गेल्यामुळे त्यांनी फक्त माप पाहिलं होतं. झगा घातलेल्या माणसाला लोक काय समजतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळ झाली, दिवे लागले. झगा आला नाही. एकच पडदा काका उगाच पुन्हा पुन्हा इस्त्री करत बसले. मग उठून त्यांनी टायरवाल्याचे चिखलाचे कपडे मुकाट्यानं भिजवले, घासले आणि वाळत घातले. मावशींना ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. चर्चचं काम जाईल ते जाईल, पण सासऱ्यांपासून राखलेला विश्वास आपल्या हातून मातीत गेला, हे त्यांना सहन होईना. त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांनी टायरवाल्याच्या मुलीसाठी प्रार्थनाही केली, कारण ती करायची राहून गेली होती.

सकाळी ठेवणीतले कपडे घालून त्या चर्चच्या मागच्या खोलीत गेल्या. पाळकसाहेब आरशासमोर केस विंचरत होते.

"झगा आणलात, मावशी?"

"नाही आणला, पाळकसाहेब. एका माणसाला घालायला दिला. तो परत आलाच नाही." आणि त्यांनी खड्ड्यापासून सगळं सांगून टाकलं. काकांना आपण कसं गप्प केलं तेही सांगितलं.

पाळकसाहेबांचा चेहरा झग्याहून पांढरा झाला. "मावशी, आपल्याकडे दुसरा झगा नाही. बिशपसाहेब कोणत्याही क्षणी येतील. मी काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांगा," मावशी म्हणाल्या.

इतक्यात अंगणात गडबड उडाली. बायका बाजूला सरल्या, कुणी हात जोडले, आणि झग्याचा घोळ दोन्ही हातांनी वर धरून टायरवाला धापा टाकत खोलीत घुसला. झगा पार चुरगळला होता. उजव्या बाहीची तर चिंधी व्हायची बाकी होती.

"मावशी, मारा मला," तो म्हणाला. "दुकानात गेलो होतो, काकांनी माझे धुतलेले कपडे काखेत देऊन इकडे पिटाळलं. काय करू, मला सोडेचनात!"

"कोण सोडेना?"

"बायकोला भेटलो, मुलीला बघितलं. हे एवढंसं नाक आहे तिचं! बाहेर पडतोय तोच एका सिस्टरनं हाताला धरून पुरुषांच्या वॉर्डात नेलं. म्हणाली, पाद्रीबाबा, बरं झालं आलात, खिडकीपाशी एक आजोबा आहेत, त्यांचं कुणी नाही, सकाळपासून तुमची वाट बघतायत. मी म्हटलं, अहो, मी पाद्री नाही, मी टायरचं काम करतो. आजोबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, असू द्या, बसा. आणि ही बाही धरली. मला प्रार्थना येत नाही, आम्ही तुमच्यातले नाही, नुसता बसलो. उठायला गेलो की ते जागे व्हायचे. मग कसा उठू? पहाटे त्यांना जरा बरं वाटलं, शांत झोप लागली, तेव्हा कुठं बाही सुटली."

पाळकसाहेब खुर्चीत बसले.

"खिडकीजवळची खाट," ते हळूच म्हणाले. "काल सकाळी मला त्यांचाच निरोप आला होता. बिशपसाहेबांच्या तयारीत होतो. सोमवारी येतो म्हणून कळवलं."

मावशींनी झगा घेण्यासाठी हात पुढे केला. "दे रे, घरी नेऊन पटकन इस्त्री फिरवून आणते."

"नको. असाच द्या," पाळकसाहेब म्हणाले.

बिशपसाहेबांपुढे त्यांनी त्या चुरगळलेल्या बाहीनिशी उपासना चालवली. लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. बिशपसाहेबांनी दोनदा बाहीकडे पाहिलं. काका मागच्या बाकावर लाजून अर्धे झाले होते. उपासना संपताच पाळकसाहेबांनी बिशपसाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांना चहावर सोडलं आणि मावशींना घेऊन ते झग्यासकट दवाखान्याच्या वाटेला लागले.

"पुढच्या शनिवारीही झगा तुमच्याकडेच येईल," वाटेत ते म्हणाले. "कुणाला द्यायचा झाला तर फक्त मला आधी सांगा. मीही येईन बरोबर." मावशींच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्यांना एकदम चालायला बळ आलं.

खिडकीजवळचे आजोबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी पाळकसाहेबांना खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही कोण?"

"मी पाळक आहे, आजोबा. यायला उशीर झाला, माफ करा."

"पाळक काल येऊन गेले," आजोबा ठणकावून म्हणाले. "चांगले धिप्पाड होते. प्रार्थना वगैरे काही येत नव्हती बिचाऱ्यांना, पण रात्रभर हलले नाहीत. तुम्हाला प्रार्थना येते?"

"येते," पाळकसाहेब म्हणाले.

"मग ती नंतर करा. आधी बसा."

मावशींनी तोंडावर रुमाल दाबला. हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. पाळकसाहेबांनी स्टूल ओढलं, झगा गोळा करून ते खाटेला खेटून बसले आणि उजवी बाही त्यांनी आजोबांच्या हाताजवळ ठेवली.