ट्रायफीना मावशीची एक चुकलेली ओळख

ट्रायफीना मावशी माणूस चालीवरून ओळखायची. चेहऱ्याची तिला गरज नसे. धुक्यात धक्क्याकडून कोणी येत असलं, की खिडकीतून नुसते गुडघ्याखालचे पाय बघून ती सांगे, हा अमका, आणि आज बायकोशी भांडून निघालाय. दोन्ही गोष्टी बहुधा खऱ्या निघत. ड्रंग कोव्ह या आमच्या मासेमारीच्या गावात चव्वेचाळीस घरं. त्यामुळे पहिली गोष्ट फार अवघड नव्हती, आणि दुसरी तर मुळीच नाही.

गावात तिच्याहून लहान असलेले सगळे तिला मावशीच म्हणत, रक्ताचं नातं असो वा नसो. मी तेव्हा साठीची, गावातलं पोस्ट सांभाळून निवृत्त झालेले, तरी तिच्या लेखी मी 'पोरगी'. नवव्या वर्षापासून तिने खडकांवर कॉड वाळवला होता, पुढे कारखान्याच्या टेबलाशी उभं राहून तेच मासे कापले. पाच मुलं झाली, त्यातलं एक पुरलं. नवरा एलाम जाऊन अकरा वर्षं झाली होती. डावा खुबा गेला होता, त्यामुळे आधी काठीचा आवाज यायचा आणि मग मावशी.

नाताळनंतरचे बारा दिवस तिच्या राज्याचे. त्या दिवसांत आमच्याकडे लोक ममर होऊन घरोघर फिरतात. बाप्ये बायकांचे झगे चढवतात, बाया नवऱ्याचे मासेमारीचे कोट. पोटावर उशी, तोंडावर जुन्या खिडकीचा जाळीदार पडदा. स्वयंपाकघरात शिरायचं, बूट आपटत नाचायचं, आणि बोलायचं ते श्वास आत ओढत. तसं बोललं की आवाज कोणाचाच राहत नाही. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की पडदा वर, आणि मग रम आणि केक. मावशीच्या स्वयंपाकघरात ममर जेमतेम उंबरा ओलांडत. ती चुलीजवळून मान न वळवता म्हणे, "ये चेस, बूट पूस." चेस हा तिचा मुलगा, त्याला चाळीस वर्षांत एकदाही तिला फसवता आलं नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तिची ती प्रसिद्ध गोष्ट. सदतीस सालच्या नाताळात, ती एकवीस वर्षांची असताना, तिच्या आईच्या घरी ममर आले. त्यातला एक नाचला. तिने त्याची दोन पावलं बघितली आणि म्हणाली, "हा एलाम रिडाउट, आणि मी याच्याशी लग्न करणार." पडदा वर गेला, तो एलामच होता. मुलांना आणि नातवंडांना तिने ही गोष्ट दूध पाजावं तशी पाजली होती. शेवटचं वाक्य ठरलेलं: आपलं माणूस दोन पावलांत ओळखू येतं, येत नसेल तर ते आपलं नाही.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, ऑन्टॅरिओहून तिच्या मुलीने एक जाड वही पाठवली. सोनेरी कडा, आत दोनशे छापील प्रश्न. आईने उत्तरं लिहायची, म्हणजे तिचं सगळं शहाणपण नातवंडांसाठी राहील. मावशीला मोतीबिंदू होता, म्हणून लिहायला मी. रोज दुपारी मी पेन घेऊन बसायचे आणि ती वहीची थट्टा करायची. तरुणांना तुमचा काय सल्ला? "टोपी घाला." आयुष्यातला सर्वांत मोठा पश्चात्ताप? "तुझ्या आईने माझी लोणच्याची बरणी परत दिली नाही, आणि मी मागितली नाही." मी म्हणाले, मावशी, हे तुझ्या पणतवंडांपर्यंत जाणार आहे. ती म्हणाली, "जाऊ दे. त्यांनी तरी मागावी."

एकसष्टावा प्रश्न होता: तुमचा जोडीदार तुम्हाला कसा भेटला? मी न विचारताच लिहायला लागले, कारण गोष्ट मला पाठ होती. दोन ओळी झाल्यावर तिने काठी माझ्या मनगटावर ठेवली.

"खोड ते."

"का?"

"खोटं आहे म्हणून."

मग तिने मला खरं सांगितलं. त्या नाचणाऱ्या ममरला तिने ओळखलं होतं, चालीवरूनच. तो गार्लंड क्रिच होता. गार्लंडवर तिचा दोन वर्षं जीव होता. भरल्या स्वयंपाकघरात ती मोठ्याने म्हणाली, हा गार्लंड, आणि याने विचारलं तर मी आत्ता हो म्हणेन. पडदा वर गेला. आत एलाम, गावातला सर्वांत गप्प माणूस, ज्याच्याकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. लोक भिंतींना टेकून हसत होते. त्या हसण्यात एलाम हळूच म्हणाला, मग मीच विचारतो. आणि तिने हो म्हटलं. प्रेम वगैरे काही नाही. हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती म्हणून.

"आणि ही दुसरी गोष्ट कधी झाली?"

"तेव्हा घरात चौदा माणसं होती. त्यातलं एकेक जसं टेकडीवर पुरायला गेलं, तशी गोष्ट सुधारत गेली. अझराया शेवटचा. तो सप्टेंबरात गेला." तिने काठी माझ्या मनगटावरून उचलली. "आता खरं माहीत असलेली मी एकटी, आणि मी तर अशी."

मी विचारलं, मग आजच का बोललीस? तिने खिडकीबाहेर बोट केलं. समोरच्या उतारावर चेसचं घर, आणि त्याच्या अंगणात त्याची मुलगी कोरीन बर्फ झाडत होती. चोवीस वर्षांची. सरकारने मासेमारी बंद करून तीन वर्षं झाली होती, गाव गळक्या होडीसारखं रिकामं होत होतं, आणि कोरीनने सात जानेवारीचं अल्बर्टाचं तिकीट काढलं होतं. त्यात गैर काही नव्हतं, सगळेच जात होते. पण ऑक्टोबरात लेस्टर पेलीने तिला लग्नाचं विचारलं होतं. लेस्टर सुतार, बुटका, भला. बर्फावरच्या गाडीवरून पडून डाव्या पायाने लंगडणारा. कोरीनला तो आवडायचा, हे त्या चव्वेचाळीस घरांना माहीत होतं. तरी ती नाही म्हणाली. का, ते तिने आजीला रडत रडत सांगितलं होतं: नॅन, तुला दोन पावलांत कळलं. मला दोन वर्षांत कळत नाही. म्हणजे तो माझा नसणार.

"माझी थाप त्या पोरीच्या गळ्यात दगडासारखी बांधली आहे मी," मावशी म्हणाली. "ती हो म्हणो, नाही म्हणो, मला काय. पण माझ्या थापेपायी नाही म्हणते, ते मला चालणार नाही."

मी म्हणाले, मग बोलव तिला आणि सांग. मावशीने माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "समोर बसून कबुली द्यायला मी काय पाद्र्याकडे आले आहे? आणि तिला वाटेल, म्हातारी लेस्टरसाठी गोष्ट रचते आहे." मग तिच्या डोळ्यात ते आलं, जे आलं की शहाणी माणसं कोट घेऊन घरी जातात. मी गेले नाही.

तीन जानेवारीला तिने चेसकडे निरोप धाडला, सर्दी झाली आहे, झोपते, कोणी येऊ नका. पाच वाजता तिला मी एलामचा तेलकट कोट चढवला, त्याचे बूट, पोटावर दोन उश्या, तोंडावर पडदा. मी माझ्या भावाची लांब अंतर्वस्त्रं कपड्यांवरून घातली. काठी तिने घरीच ठेवली. उतार चढताना माझ्या दंडाला तिची बोटं रुतत होती आणि पडद्याआडून शिव्या येत होत्या, त्याही श्वास आत ओढून. सराव चालला होता.

चेसच्या स्वयंपाकघरात नऊ माणसं होती. मी चार मिनिटांत पकडले गेले, कारण हसले. मला केक देऊन बाकावर बसवलं. मावशी मात्र मधोमध उभी. तिने बूट आपटून नाचाची चार पावलं टाकली, डावीकडे लचकत. लोकांनी नावं घेतली, एकेक चुकली. मावशीचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. ज्या बाईने सगळ्यांना ओळखायचं, ती ओळखली जायला येईल, हे कोणाच्या डोक्यात कसं यावं?

मग ती बोलायला लागली. त्या उलट्या श्वासाच्या, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात म्हणाली, या घरची म्हातारी एक गोष्ट सांगते, ती थाप आहे. तिने सगळं सांगितलं: गार्लंड, लाल कान, भिंतींना टेकून हसणारे लोक. चेस उठून उभा राहिला, त्याला राग आला होता. पण त्याच्या आधी कोरीन पुढे आली.

"माझी नॅन कधी चुकली नाही," ती म्हणाली. "आणि मी तिची नात आहे. चाल मलाही कळते. पडदा काढ, लेस्टर."

पडदा हलला नाही. मी केक खाली ठेवला.

"ऑक्टोबरात मी नाही म्हटलं, तर टोपी घालून निघून गेलास. एकदा भांडला नाहीस. आणि आज माझ्या घरी येऊन माझ्या नॅनला खोटारडी म्हणायची हिंमत आहे तुझ्यात?" तिचा आवाज फाटला. "यातली अर्धी हिंमत तेव्हा दाखवली असतीस तर मी ते तिकीट काढलंच नसतं."

मावशीने दोन्ही हातांनी पडदा वर केला. खाली तिचे पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"बोललीस?" ती म्हणाली. "नऊ माणसांनी ऐकलंय, बाई. दहावी केक खाते आहे."

मग चेस म्हणाला, "आई, तुला सर्दी झाली आहे ना?"

"होती. उतरली. खुर्ची दे."

कोरीन तिच्यासमोर जमिनीवर बसली, जशी लहानपणी बसायची. तिने विचारलं, हे सगळं खरं? मावशी म्हणाली, अक्षर न् अक्षर. मग कोरीनने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. "मग तो तुझा आहे, हे तुला कळलं कधी?"

यावर मावशीने जे सांगितलं ते तिने मलाही सांगितलं नव्हतं. तिच्या शिवणाची जागा उत्तरेच्या खिडकीशी होती. गावात सगळ्यांच्या खिडक्यांना हिवाळ्यात आतून बर्फ धरायचं, तिच्या खिडकीला नाही. तिला वाटायचं, काच चांगली आहे. चौथ्या वर्षी मार्चमध्ये एलाम सीलच्या शिकारीला बर्फावर गेला आणि दुसऱ्या सकाळी काच आंधळी झाली. तीन हिवाळे तो तिच्या आधी उठून, चूल पेटवण्याआधी, सुरीने ते बर्फ खरवडत होता. बोलला नव्हता.

"तेव्हा ओळखलं," मावशी म्हणाली. "चार वर्षं लागली. आणि माणूस तेव्हा घरात नव्हताच. त्याची चाल बघायची सोयच नव्हती."

मग तिने उश्या काढून मागितल्या आणि रम मागितली. ओळखलं नाही तरी रम मिळायला हवी, असा वाद तिने चेसशी घातला आणि जिंकला.

ड्रंग कोव्हमध्ये फोनपेक्षा बूट वेगाने धावतात. रम संपायच्या आत लेस्टर पडवीत उभा होता, टोपी न घालता. कोरीन बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. आत नऊ माणसं आणि मी एवढे शांत बसलो, की चेसच्या घड्याळाचा काटा पहिल्यांदाच ऐकू आला. तरी एक शब्द कळला नाही. मावशीला मी नंतर विचारलं, तुला काही ऐकू आलं का. ती म्हणाली, "मी कशाला ऐकू? मी म्हातारी, मला सर्दी."

सात तारखेला कोरीन गेलीच. तिकीट परत होत नव्हतं. तिची पेटी बसमध्ये लेस्टरने चढवली, आणि बस वळल्यावर तो ज्या तऱ्हेने घराकडे निघाला, ते मावशीने खिडकीतून पाहिलं. म्हणाली, हा एप्रिलपर्यंत जाणार. तो एप्रिलमध्ये सुतारकामाच्या हत्यारांची पेटी घेऊन तिच्यामागे अल्बर्टाला गेला. वहीत एकसष्टाव्या प्रश्नाखाली माझ्या खोडलेल्या दोन ओळी आहेत आणि त्याखाली तिने सांगितलेलं उत्तर: कोरीनला विचारा. दोन वर्षांनी मावशी एलामशेजारी टेकडीवर गेली.

गेल्या उन्हाळ्यात कोरीन आणि लेस्टर मुलीला घेऊन गावी आले होते. मुलगी नऊ वर्षांची, नाव ट्रायफीना, खालचा एक दात नुकताच पडलेला. चेसच्या त्याच स्वयंपाकघरात कोरीन तिला सांगत होती. नॅन कशी एलामच्या कोटात आली, पडद्याआडून कशी बोलली, सगळं. मी बाकावर होते. त्या संध्याकाळच्या माणसांपैकी आता आम्ही चार उरलोय, आणि चेसला ऐकू येत नाही.

"आणि तू तिला ओळखलंस?" मुलीने विचारलं.

"उंबऱ्यातच," कोरीन म्हणाली. "दोन पावलांत."

लेस्टर आपल्या कपात बघत राहिला. कोरीनने माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ, भुवई किंचित वर करून. ती भुवई मी ओळखत होते. मी केकचा मोठा तुकडा घेतला आणि तोंडात घातला.