आक्कांची मधली सीट

अकोल्याहून निघताना घरच्यांनी विचारलं, नाशिकला जाऊन बघणार काय? गोदाघाट, द्राक्षमळे? मी म्हटलं, दाजींची व्हॅन. सगळे हसले. पण गाड्यांच्या बाबतीत मी जन्माचा चौकस, आणि ताईच्या सासरची ती चपट्या नाकाची पांढरी व्हॅन मी दरवेळी नव्याच रूपात पाहत आलो आहे.

१९९४ साली पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती झेंडूने गच्च भरलेली होती. मखमलाबादला दाजींचा मळा आहे. त्यांचे वडील अण्णा यांनी ती व्हॅन फुलं बाजारात नेण्यासाठीच घेतली. नवी कोरी गाडी दारात आली आणि दुसऱ्याच दिवशी मधली सीट पान्याने सोडवून ओट्यावर ठेवली गेली. त्या जागी कॅरेट (प्लास्टिकच्या जाळीदार पेट्या) चढले. १९९९ साली गेलो तर सीट परत गाडीत, आणि गाडी घरची झालेली. मुलांची शाळा, दवाखाना, लग्नं. एका लग्नाला आम्ही तिच्यातून चौदा जण गेलो. चौदावा मी होतो. पुढे मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि सीट पुन्हा ओट्यावर आली.

यंदा, २००५ च्या दिवाळीनंतर, ताईचा फोन आला. ‘‘ह्यांनी गाडीत घर केलंय. तूच येऊन बघ.’’

दाजींनी पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, गाडीचं सरकतं दार उघडून दाखवलं. कॅरेट उलटे मांडून त्यांवर फळ्या, फळ्यांवर गादी. ताईच्या जुन्या साडीचे पडदे. कोपऱ्यात लहानशी गॅसची शेगडी.

‘‘परदेशात लोक अशा गाडीत महिना महिना राहतात,’’ दाजी म्हणाले. ‘‘फुलांच्या एका गिऱ्हाइकानं मासिकात दाखवलं.’’

‘‘आणि आंघोळ?’’

‘‘ते पान त्यानं उलटलं नाय.’’

बेत असा होता की उद्या इगतपुरीकडे दाजींच्या मामाच्या गावी जायचं आणि रात्री तिथल्या धरणाकाठी मुक्काम करायचा. मामाचं गाव म्हणजे दाजींच्या आईचं, आक्कांचं माहेर. आक्का ओट्यावर त्याच मधल्या सीटवर बसून लसूण सोलत होत्या. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. गुडघ्यांमुळे आक्कांना एसटीची पायरीही चढवत नाही.

‘‘आक्का, तुम्ही येताय ना?’’ मी विचारलं.

‘‘ती नाय यायची,’’ उत्तर दाजींनी दिलं. ‘‘तिला प्रवास सोसत नाय.’’ आक्कांनी लसणाची पुढची पाकळी उचलली.

दाजी मोटर चालू करायला विहिरीवर गेले तसा मी आक्कांच्या शेजारी टेकलो. सीट अजून छान मऊ होती, तसं मी बोललोही.

‘‘अकरा वर्सं झाली पाव्हणं,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘सीट ओट्यावर आसली का रोज हिच्यावरच बसते. गाडीत एकदाबी नाय बसले.’’

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्या तशाच शांतपणे सांगत राहिल्या. ‘‘हे म्हणायचे, झेंडू संपला का तुला माहेरी नेतो. झेंडू संपला का टमाटे. टमाटे संपले का लग्नं. गाडी भरून जायची, मंग घर राखायला मी. तवर गुडघे गेले, मंग हेबी गेले.’’

‘‘दाजींना सांगितलंत का कधी?’’

‘‘ईचारलं तर सांगंन ना.’’ मग लसणाची सालं झटकत, ‘‘भाऊ हाय. माझ्यापेक्षा थोरला. औंदा त्याला बघितलं नाय तर कधी बघणार?’’

सहा वर्षांपूर्वी लग्नाला निघालेल्या आम्हा चौदा जणांना ओट्यावरून हात हलवणाऱ्या आक्का मला आठवल्या. शेवटची जागा मी अडवली होती. मला फार लाज वाटली.

दाजी आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या फळ्यांकडे बघितलं. ‘‘मग हे सगळं कुठं ठेवू?’’

‘‘ओट्यावर. तुम्हीच झोपा त्याच्यावर,’’ ताई म्हणाली.

फळ्या उतरल्या, सीट गाडीत गेली, पण चारातले दोन बोल्ट सापडेनात. एक फवारणीच्या पंपात निघाला, दुसरा गोठ्याच्या फाटकात. सकाळी आक्का इरकली लुगडं नेसून आल्या. माझा हात धरून आधी सीटवर टेकल्या, मग पाय आत घेतले. व्हॅनची जमीन ती केवढी, वीतभर उंच.

‘‘एवढीच पायरी?’’ त्या म्हणाल्या. दाजींनी मान फिरवली आणि उगाचच आरसा पुसला.

मुंबईच्या रस्त्याला लागल्यावर आक्का प्रत्येक गावाचं नाव विचारत होत्या. घोटीच्या अलीकडे साडीचा एक पडदा खिडकीतून उडाला. ताई हळहळली, पण आक्का खूश झाल्या, कारण त्याच्यामुळे त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं. पुढे दोन्हीकडे भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) पिवळी झाली होती.

मामा अंगणातच होते, कमरेत वाकलेले. गाडीत कोण आहे ते त्यांना कळेना.

‘‘दादा, मी हाय,’’ आक्का आतून म्हणाल्या.

‘‘कशी आली गं?’’

‘‘गाडीनं. माझी हाय.’’

दोघं एकमेकांचे हात धरून रडली. मग नागलीची (नाचणीची) भाकरी आणि ठेचा खाताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी सुरू झाली ती संपेना. बायका मामांकडे राहिल्या. दाजी आणि मी धरणाकाठी ताडपत्रीखाली झोपलो आणि दवाने भिजून उठलो. दाजींनी शेगडीवर चहा केला. तेवढंच आमचं कॅम्पिंग.

मखमलाबादला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडलेला झेंडू वाट बघत होता आणि दुपारी माझी रेल्वे होती. आधी फुलबाजार, मग मला स्टेशन, असं ठरलं. दाजी सवयीने पाना घेऊन गाडीकडे गेले तर आक्का आधीच आत बसलेल्या.

‘‘पाना ठेव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाळीस वर्सं फुलं तोडली. जातात कुठं ते बघायचं हाय.’’

‘‘अगं, कॅरेट कुठं ठेवू?’’

‘‘टपावर. उरले तर मागं, माझ्या बाजूला.’’

पेट्या टपावर बांधल्या, मागे कोंबल्या, आक्कांच्या दोन्ही बाजूंना रचल्या. ताई पुढे बसली. दाजी ओशाळून म्हणाले, ‘‘आक्का, पाहुण्यांना जागा नाय उरली.’’

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मिस्कील हसल्या. ‘‘ऱ्हातील की ते मागं. घर राखायला कुणीतरी पायजेच.’’

एका गाडीत किती प्रकारचं काम, घर आणि हौस मावते ते बघायला मी अकोल्याहून आलो होतो. तिच्यात बसायचं कोण राहून गेलं, हे विचारायचं मात्र आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात आलं नव्हतं. स्टेशनला मी नंतर रिक्षाने गेलो. त्याआधी तासभर ओट्यावर, दाजींच्या फळ्यांवर बसून घर राखलं. गाडी वळणावर पोचली तेव्हा मी हात हलवला. आक्का पुढचा रस्ता बघत होत्या.