हॅलोजनखाली ठेवलेला फिल्टर

माझ्या गाडीचा एअर फिल्टर धुवून परत वापरता येणाऱ्यांपैकी आहे. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तो बसवलेलाच होता. कागदी फिल्टर भरला की फेकून द्यायचा. हा सुती कापडाचा, धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचा आणि पुन्हा बसवायचा. मी रोह्याला कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी वडखळची धूळ खात माहेरी, पेणजवळच्या जोह्याला येते, त्यामुळे तो लवकर भरतो. मेकॅनिकच्या हाती मी तो देत नाही. त्याला घाई असते, जोराच्या हवेने उडवतो आणि कापड फाटतं.

त्या शनिवारी तो धुवायला घेतला, कारण दुसऱ्या दिवशी बाबांना रोह्याला न्यायचं होतं आणि येताना गाडी दमल्यासारखी करत होती. बाबांची उभी हयात गणपतीच्या कारखान्यात गेली. मूर्ती घासताना उडणारी पांढरी भुकटी आणि रंगाचा फवारा यांतच ते बसतात आणि मूर्तींचे डोळे आखतात. दोन वर्षं खोकला होता. आता घरच्या चार पायऱ्या चढले तरी दम लागायचा. रोह्यात महिन्यातून एका रविवारी मुंबईचे छातीचे डॉक्टर येतात. बाबांनी तीनदा टांग दिली होती, दर वेळी नवं कारण. या वेळी आईसमोर हो म्हणाले होते.

फिल्टर आपटून धूळ झाडली, साबणाचं पाणी मुरू दिलं, मग आतून बाहेर असं नळाखाली हळूच धुतला. उलटं धुतलं तर घाण आत जाऊन बसते. बाहेर पावसाची झड होती, म्हणून तो घरालगतच्या कारखान्यात खिळ्याला टांगला. बाबा शेजारीच बसले होते. मी त्यांना ऐकवलं, "सकाळी वाळला की तेल लावीन. फिल्टरशिवाय गाडी काढायची नाही, धूळ सरळ इंजिनात जाते." त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

सकाळी फिल्टर हॅलोजनच्या दिव्याखाली होता. कडेचं रबर वितळून वाकडं झालं होतं.

"तुला लवकर निघायचं व्हतं ना," बाबा म्हणाले. "मूर्ती सुकवतो तसा ठेवला. आता गाडी निघायची नाय. जाऊ पुढच्या महिन्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी पेणमध्ये स्पेअर पार्टचं दुकान उघडं मिळणार नव्हतं. कारागीर चहा पीत बसले होते, त्यांच्यासमोर मी ओरडले, "अक्कल गहाण टाकलीत का?" बापाला असं कोणी बोलत नाही. मी बोलले.

बाबा कामाला लागले. एका ओल्या मूर्तीजवळचा दिवा त्यांनी मागे सरकवला. अंतर मापलंसुद्धा नाही, हात आपोआप थांबला, तो बरोबर दोन विती अंतरावर. पावसाळ्यात इथे सगळेच दिव्यावर मूर्ती सुकवतात आणि दिवा जवळ गेला की मूर्तीला तडा जातो. बाबांच्या हातून अशी एकही गेली नव्हती. माझ्या फिल्टरवर मात्र दिवा चार बोटांवर आणलेला होता.

मी जवळ जाऊन बसले. "बाबा, मुद्दाम केलंत?"

त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "व्हय गो. तो डॉक्टर सांगंल, कारखान्यात पाय ठेवू नको. मग सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती आली. मी उठले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि फिल्टरच्या रिकाम्या डब्याचं झाकण तसंच लावून टाकलं.

"अगो, इंजिन जाईल तुझं!"

"जाऊ दे. बसा."

फिल्टर नसल्यामुळे गाडी नुसती घोंघावत होती. रोह्यापर्यंत ती तशीच दामटली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, दोनदा पाहिला. "धूळ आजपासून बंद. कारखानाही बंद."

बाबांनी मान हलवली. मग शाळेतल्या पोरासारखं हळूच विचारलं, "साहेब, ऐंशी मूर्तींची आखणी राहिलीय. तेवढी केली तर?"

"एकही नाही."

बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना तिथवर ओढून आणणारी मीच होते, आणि मीच बोलून गेले, "डॉक्टर, तेवढ्या करू द्या त्यांना."